'बिग फाइव्ह' म्हणजे मोठे पाच? नाही!
आफ्रिकेतले आकाराने सर्वांत मोठे पाच प्राणी म्हणजे 'बिग फाइव्ह', असं सफारीला जाणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं. मग साठेक किलोचा बिबट्या यादीत आणि दीड टनाचा पाणघोडा बाहेर कसा? जिराफही नाहीच!

ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी माग काढून मारायला सर्वांत अवघड आणि जिवावर बेतणारे ते हे पाच: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि केप म्हैस (आफ्रिकेतली रानम्हैस). म्हैस दिसते गरीब, पण नराच्या कपाळावर शिंगांची बुडं जुळून ढालच झालेली असते. जखमी झाली की झुडपात शिरते आणि वळसा घालून शिकाऱ्यावरच उलटते, अशी तिची ख्याती.

केनियात १९७७ पासून शिकारीला बंदी आहे. यादी मात्र कॅमेरेवाल्यांनी जशीच्या तशी उचलली.