दगडांचा तास: कम्युनिटी कॉलेजात भूविज्ञान आलं कुठून?

अमेरिकेत भूविज्ञानाच्या पहिल्या कोर्सला एक खवचट टोपणनाव आहे: 'रॉक्स फॉर जॉक्स'. म्हणजे गणिताची धास्ती असलेल्या खेळाडूंनी सायन्सचं क्रेडिट (पदवीसाठी लागणारे गुणांक) उरकण्यासाठी घ्यायचा दगडांचा तास. नाव पडलं ते मोठ्या विद्यापीठांत. कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे गावोगावच्या दोन वर्षांच्या स्वस्त कॉलेजातल्या, त्याच वर्गात डोकावलं तर खेळाडू मोजकेच दिसतात. दिवसभर दुकानात काम करून संध्याकाळी आलेला पोरगा असतो, मुलं शाळेला लागल्यावर पुन्हा शिकायला निघालेली बाई असते, प्राथमिक शाळेत शिकवायचं स्वप्न बाळगणारं कुणी असतं. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियात तर हायस्कूल चालू असतानाच क्रेडिट साठवायला आलेलं एखादं मराठी घरातलं पोरही सापडतं. भूवैज्ञानिक व्हायला आलेलं यांत सहसा कुणीच नसतं. याचं मूळ शोधायला सव्वाशे वर्षं मागं जावं लागतं, आणि गंमत अशी की कॉलेजचा धागा आणि दगडांचा धागा, दोन्ही शिकागोतच सापडतात.

1892 मध्ये शिकागो विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर. भूविज्ञान विभागासाठी त्यांनी थॉमस चेंबरलिन यांना आणलं. हा हिमनद्यांचा अभ्यासक विस्कॉन्सिन विद्यापीठाचं अध्यक्षपद सोडून दगडांकडे परत आला होता. त्याच वर्षी देशभरातल्या हायस्कुलांत काय शिकवावं हे ठरवायला हार्वर्डच्या चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली दहा जणांची समिती बसली. समितीने विषयवार बैठका नेमल्या. त्यांतल्या भूगोलाच्या बैठकीचे प्रमुख चेंबरलिनच. त्या बैठकीच्या 'भूगोला'त प्राकृतिक भूगोल, भूविज्ञान आणि हवामानशास्त्र हे तिन्ही धरलेले होते. आज ज्याला 'अर्थ सायन्स' म्हणतात ते जवळजवळ हेच. विल्यम मॉरिस डेव्हिस हेही त्या बैठकीत होते. नदीचं तारुण्य-प्रौढत्व-वार्धक्य आपण शाळेत घोकलं, ते यांचंच.

हार्पर यांचं डोकं मात्र दुसऱ्याच गोष्टीत गुंतलं होतं. पदवीची पहिली दोन वर्षं म्हणजे खरं तर शाळेचंच शेपूट, विद्यापीठाने त्यात वेळ घालवू नये आणि संशोधन करावं, असं त्यांचं मत. स्वतःच्या विद्यापीठात त्यांनी चार वर्षांचे दोन तुकडे केले आणि पुढे त्यांना 'ज्युनियर' आणि 'सीनियर' कॉलेज म्हटलं. मग इलिनॉयमधल्याच जोलिएट गावचे हायस्कूलप्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्याशी त्यांचं जमलं आणि 1901 मध्ये तिथल्या हायस्कुलाला जोडून दोन वर्षांचं कॉलेज सुरू झालं. विद्यार्थी सहा. आज कम्युनिटी कॉलेज म्हणजे सर्वांना उघडं दार, असं कौतुकाने सांगितलं जातं. जन्माच्या वेळचा हेतू बराचसा उलटा होता: विद्यापीठाच्या दारातली गर्दी बाहेरच थोपवावी. उदारपणा मागाहून आला.

पुढची चाळीसेक वर्षं दोन्ही धागे वेगळे पडले. ज्युनियर कॉलेजं वाढली. कॅलिफोर्नियाने 1907 मध्ये हायस्कुलांना पुढचे वर्ग चालवायची कायद्याने मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेस्नोला पहिलं कॉलेज निघालं. प्राकृतिक भूगोल मात्र हायस्कुलांतून हटत गेला. 'सामान्य विज्ञान' नावाच्या खिचडी विषयाने त्याची जागा घेतली, आणि वर भौतिकी-रसायन-जीवशास्त्र ही त्रिमूर्ती पक्की झाली. परिणाम असा, की कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्या बहुतेक पोरांनी जमिनीचा असा अभ्यास केलेलाच नसायचा.

नंतरच्या घडामोडी झपाट्याने झाल्या. माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलायच्या 1944 च्या कायद्यामुळे, 'जीआय बिल'मुळे, वीस लाखांहून जास्त माजी सैनिक कॉलेजांत आले. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी स्वस्त कॉलेजं काढा म्हटलं, आणि 'ज्युनियर' मागे पडून 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रुजलं. 1957 च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक उपग्रह डोक्यावरून फिरू लागला. तेव्हा आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष चालू होतं, म्हणजे पृथ्वीचा अभ्यास जगभर जोरात होता. पण अमेरिकेला दिसली ती फक्त आपली पिछाडी. शालेय विज्ञानात सरकारी पैसा ओतला गेला. आधी भौतिकी, जीवशास्त्र आणि रसायन यांचे नवे अभ्यासक्रम निघाले. भूविज्ञानाचा नंबर शेवटी, 1963 च्या सुमारास लागला. कोलोराडोतल्या बोल्डरमधून चाललेल्या त्या प्रकल्पाने शाळेत 'अर्थ सायन्स' हा विषय नव्याने उभा केला. आता तो शिकवणार कोण? शिक्षक बरेचसे जीवशास्त्रातून आलेले. त्यांना आणि होऊ घातलेल्या मास्तरांना दगड ओळखायला शिकवणारे वर्ग हवे होते.

याच दशकात देशात साडेचारशेच्या घरात नवी कम्युनिटी कॉलेजं उघडली, आणि याच दशकात भूविज्ञानच मुळापासून बदललं. 1962 मध्ये हॅरी हेस यांनी समुद्रतळ पसरतो असं मांडलं, पुढच्या वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी तळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, आणि दशक संपता संपता भूपट्टांचा सिद्धान्त (पृथ्वीचं कवच सरकत्या तुकड्यांचं आहे, हा) उभा होता. जुन्या विद्यापीठांत खंड सरकतात हे न मानणारे प्राध्यापक निवृत्तीपर्यंत खुर्ची अडवून होते. नव्या कॉलेजांना असा इतिहासच नव्हता. मला ही त्यांची सर्वांत मोठी नशिबाची गोष्ट वाटते.

पण वर्ग भरले ते सिद्धान्ताच्या मोहिनीने नव्हे, नियमाने. कॅलिफोर्नियाच्या 1960 च्या 'मास्टर प्लॅन'ने वाटणी केली: हायस्कूलच्या वरच्या साडेबारा टक्क्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य कॉलेजं, आणि दोन वर्षांची कॉलेजं सगळ्यांना. दोन वर्षं तिथे काढून मोठ्या विद्यापीठात जायचं, याला तिथे 'ट्रान्सफर' म्हणतात. त्यासाठी इतिहास शिकणाऱ्यालाही एक भौतिक विज्ञान आणि एक जीवविज्ञान घ्यावं लागतं, आणि त्यांतल्या एकाला प्रयोगशाळा हवी. भौतिकीला गणित लागतं, रसायनाला आधीची तयारी. दगडांना डोळे आणि बोटं पुरतात.

कॉलेजलाही ते परवडतं. एक भिंग, खिळा, काचेचा तुकडा आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडची बाटली. थेंब टाकला की चुनखडी फसफसते. हेमॅटाइट दिसायला कधी काळंकुट्ट, चकचकीत; पण न चकाकणाऱ्या चिनीमातीच्या फरशीवर घासलं की तांबडी रेघ उमटते, आणि 'दिसतं तसं नसतं' हे पोरांना पहिल्याच आठवड्यात कळतं. काठिण्याची जी श्रेणी वापरतात ती फ्रीडरिश मोस यांची, 1812 च्या सुमाराची. अजून तीच चालते. कोविडच्या काळात काही कॉलेजांनी दगडांचे डबे सरळ पोस्टाने घरी धाडले. रसायनाच्या प्रयोगशाळेला हे कसं जमणार?

आणि प्रयोगशाळेच्या बाहेर तर सगळं फुकट. कॅलिफोर्नियात पालो आल्टोजवळच्या लॉस ट्रॅन्कोसच्या टेकड्यांवर सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावरून पायवाट जाते. 1906 च्या भूकंपात जमीन किती सरकली ते दाखवणारं कुंपण तिथे पुन्हा उभारलंय. काब्रियो कॉलेज ज्या ॲप्टोस गावात आहे, तिथून जवळच 17 ऑक्टोबर 1989 च्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र होतं. तीव्रता 6.9. अशा ठिकाणी 'हे शिकून उपयोग काय' हा प्रश्न मास्तरांना फारसा कुणी विचारत नसेल.

आपल्याकडेही 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव आलं. युजीसीने 2013 मध्ये तशी योजना काढली. पण तिचा रोख कौशल्यांवर, नोकरीच्या तयारीवर. वाणिज्याच्या पोराला दगड हातात घ्यायला लावणारी ती अट काही तिच्याबरोबर आली नाही. दहावीचा भूगोल संपला आणि पोरगं कॉमर्सला गेलं, की कातळाशी त्याचा संबंध सुटला.

तिकडे मात्र पृथ्वीच्या इतिहासाच्या कोर्समध्ये डायनोसॉर संपायची वेळ आली की सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या 'डेक्कन ट्रॅप्स'चं, म्हणजे आपल्या दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचं, नाव निघतंच. ट्रॅप हा शब्द स्वीडिशमधल्या पायरीवरून आलेला. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि झिजताना त्यांच्या पायऱ्या पडल्या, हे समजावताना पडद्यावर घाटातले कडे येतात, आणि मागच्या बाकावरचं ते मराठी पोर आपल्या आजोळचा डोंगर ओळखतं.