इराक युद्धानंतरचा ब्रिटनमधील स्थानिक असंतोष : पार्श्वभूमी

इराकवरील लष्करी कारवाईचा प्रस्ताव ब्रिटिश संसदेने 18 मार्च 2003 रोजी 412 विरुद्ध 149 मतांनी मंजूर केला. त्याच रात्री, युद्धाची गरज अद्याप सिद्ध झालेली नाही अशा आशयाच्या दुरुस्तीला सत्ताधारी मजूर पक्षाच्या 139 खासदारांनी पाठिंबा दिला होता आणि सभागृह नेते रॉबिन कुक यांनी आदल्याच दिवशी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला होता. तरीही विरोधी बाकांवरील हुजूर पक्ष युद्धाच्या बाजूने उभा राहिल्यामुळे पंतप्रधान टोनी ब्लेअर निर्धास्त होते. फेब्रुवारीत युद्धाच्या विरोधात लंडनच्या रस्त्यांवर उतरलेल्या लाखो लोकांपुढे त्यामुळे एक पेच उभा राहिला. दोन्ही मोठे पक्ष एकाच बाजूला असताना विरोधाचे मत टाकायचे तरी कुणाला? याचे उत्तर मतदारांनी राष्ट्रीय पातळीवर नव्हे, तर पोटनिवडणुकांत आणि नगरपालिकांच्या प्रभागांत शोधले.

पहिला तडाखा सप्टेंबर 2003 मध्ये लंडनमधील ब्रेंट ईस्ट येथे बसला. मजूर पक्षाचे 13,047 चे मताधिक्य तिथे पुसले गेले आणि युद्धाला विरोध करणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या सारा टेदर निवडून आल्या. जून 2004 च्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्ष मतांच्या टक्केवारीत तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि न्यूकॅसलसारखा जुना बालेकिल्ला त्याने गमावला. युद्धापूर्वीच्या गुप्तवार्तांमधील गंभीर उणिवा दाखवणारा बटलर अहवाल 14 जुलै रोजी प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच दिवशी झालेल्या पोटनिवडणुकांत लेस्टर साउथमध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे परमजित सिंग गिल विजयी झाले, तर बर्मिंगहॅम हॉज हिलची जागा मजूर पक्षाने जेमतेम 460 मतांनी राखली.

या असंतोषाचे सारे श्रेय मुस्लिम मतदारांना देण्याची प्रथा पडली आहे, ती मला अपुरी वाटते. पाकिस्तानी, काश्मिरी आणि बांगलादेशी वंशाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मजूर पक्षाला मत देत आली होती आणि त्यांचे दुरावणे निर्णायक ठरले, हे खरेच. पण 2005 च्या सार्वत्रिक निवडणुकीत केंब्रिज आणि मँचेस्टर विदिंग्टन या विद्यापीठांच्या वस्तीतील जागाही लिबरल डेमोक्रॅट पक्षाने जिंकल्या, आणि तिथे युद्धाच्या रागात विद्यापीठांच्या वाढीव शुल्काचा रागही मिसळला होता. केंब्रिजच्या खासदार ॲन कॅम्पबेल यांनी तर स्वतः युद्धाला विरोध केला होता, तरी त्या पराभूत झाल्या. मतदारांनी शिक्षा पक्षाला दिली, व्यक्ती पाहिली नाही.

मजूर पक्षातून काढून टाकलेल्या जॉर्ज गॅलोवे यांच्यासह 2004 मध्ये स्थापन झालेल्या ‘रिस्पेक्ट’ पक्षाला हाच राग लाभला. 2005 च्या त्याच निवडणुकीत पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन अँड बो येथे गॅलोवे यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलेल्या ऊना किंग यांचा 823 मतांनी पराभव केला. खुद्द ब्लेअर यांच्या सेजफील्डमध्ये, इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका सैनिकाचे वडील रेग कीज अपक्ष उभे राहिले आणि त्यांना दहा टक्क्यांहून अधिक मते मिळाली. मजूर पक्षाने सत्ता राखली. मात्र संसदेतील त्याचे बहुमत 167 वरून 66 वर आले.

पुढच्याच वर्षी, 2006 मध्ये, पूर्व लंडनमधील टॉवर हॅम्लेट्सच्या नगरपालिकेत ‘रिस्पेक्ट’चे 12 नगरसेवक निवडून आले. त्यानंतर अंतर्गत फुटीने पक्ष खिळखिळा झाला आणि 2010 मध्ये त्याला संसदेत एकही जागा मिळाली नाही. मात्र मार्च 2012 मध्ये ब्रॅडफर्ड वेस्टच्या पोटनिवडणुकीत गॅलोवे यांनी मजूर पक्षाला दहा हजारांहून अधिक मतांनी हरवले, तेव्हाही त्यांच्या प्रचारात इराक आणि अफगाणिस्तान होतेच.