आमरसाचा डबा जाऊन पाउच का आला?

लहानपणी आमच्याकडे आंब्याचा सीझन संपला की आमरस म्हणजे पत्र्याचा डबा, ८५० ग्रॅमचा, आणि ओपनर फिरवताना झाकणाची धार बाबांच्या बोटाला लागली नाही असं एकही वर्ष गेलं नसेल. अमेरिकेतल्या इंडियन ग्रोसरीत तो डबा अजून मिळतो, तिथल्या मराठी घरांत त्याचंच आम्रखंड होतं. आपल्याकडे मात्र आता आमरस पाउचमध्ये, केचप पाउचमध्ये, आलं-लसूण पेस्टसुद्धा पाउचमध्येच.

स्वस्त पडतं म्हणून, हे तर आहेच. रिकामे पाउच गठ्ठ्याने येतात, रिकामे डबे आणायचे म्हणजे ट्रकभर हवाच वाहून आणायची. पण खरी गंमत उष्णतेची आहे. रस घट्ट, पाण्यासारखा आतल्या आत फिरत नाही, त्यामुळे डबा उकळत्या पाण्यात ठेवला की उष्णता कडेकडून मध्यापर्यंत हळूहळू सरकते आणि मधला रस तापेपर्यंत कडेचा पार शिजून जातो, आपण ज्याला 'डब्याची चव' म्हणतो ना, त्यात याचा मोठा वाटा. पाउच चपटा असतो, आणि जाडी अर्धी झाली की वेळ अर्धा नाही, साधारण पाव लागतो!

त्यात आंबा आंबट. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ४.६च्या खाली असला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढत नाही, म्हणून १०० अंशांच्या आसपास काम भागतं. मटार किंवा पालक असेल तर १२१ अंश, तेही प्रेशरखाली, त्याला रिटॉर्ट म्हणतात.

तमिळनाडूतलं कृष्णगिरी, आंध्रातलं चित्तूर, तिकडचे मोठे कारखाने आणखी पुढे गेलेत. तिथे पल्प नळीतून जाता जाताच तापवतात, लगेच थंड करतात, निर्जंतुक पिशवीत भरतात आणि पिशवी ड्रममध्ये, एकेक ड्रम सुमारे २१५ किलोचा, फ्रिजची गरजच नाही.

एकदा रिकामा पाउच कात्रीने कापून बघा. बाहेर छपाईचं पॉलिस्टर, मध्ये ऑक्सिजन आणि उजेड अडवणारी अॅल्युमिनियमची फॉइल, आत सील होण्यासाठी वितळणारं पॉलिप्रॉपिलीन. जीव सगळा त्या सीलमध्ये. मागे आमचा एक पाउच कोपऱ्यातून चिकट झाला, वास आंबूस, बघितलं तर सीलच्या पट्टीत आंब्याचा एक धागा अडकलेला. एक धागा, बस!

आता अडचण अशी की हे थर एकमेकांपासून सुटत नाहीत. आमचा भंगारवाला डबा घेतो, पाउचला हात लावत नाही. म्हणून कंपन्या जवळपास एकाच जातीच्या प्लास्टिकच्या पाउचकडे वळतायत, फॉइलऐवजी ऑक्सिजन अडवणाऱ्या ईव्हीओएच प्लास्टिकचा पातळ थर. पण रिटॉर्टच्या गरम वाफेत हा थर ओलावा पितो आणि काही काळ ऑक्सिजन आत सोडतो. त्यामुळे आमरसाला हे लवकर जमेल, पालकाला जरा जड जाणार.