नवस बोलणं आणि पसायदान मागणं

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. मी निफाडला दिलेली, धाकटी येवल्याच्या कोरडवाहू भागात. ऑक्टोबर छाटणीनंतर आमची द्राक्षबाग पोंग्यात आली, म्हणजे कोवळे कोंब फुटू लागले, की मी देवापुढे म्हणते, आता थेंबही नको. त्या दिवसांत पाऊस लागून राहिला की डाऊनी हा बुरशीचा रोग येतो, घड कुजतात, वर्षाचं पीक आठवड्यात हातचं जातं. त्याच संध्याकाळी धाकटी दिवा लावून परतीचा पाऊस मागत असते, कारण विहिरीला पाणी चढलं तरच तिचा उन्हाळ कांदा. जिल्हा एक, देव एक. ऐकायचं कुणाचं?

नवस आणि पसायदान यांतला फरक मला या पेचातून कळला. आपण दोन्हींना सरसकट 'देवाकडे मागणं' म्हणतो.

नवसात अट असते. अमुक झालं तर तमुक करीन. गोदावरीकाठी आनंदवल्लीचा नवश्या गणपती नावासकट त्यासाठीच ओळखला जातो; राघोबादादा आणि आनंदीबाईंनी तिथे मुलासाठी नवस केला होता असं सांगतात. नवसाला कमी लेखणाऱ्यांचं मला पटत नाही. तापाने फणफणलेलं लेकरू मांडीवर असताना मीही सप्तशृंगीला नवस बोलले आणि पायी जाऊन फेडला. पण त्या बोलीत माझं लेकरू आणि देवी एवढेच असतात. शेजारच्या खाटेवरचं मूल त्यात येत नाही. पावसाचा नवस बोलायला गेले तेव्हा मात्र जीभ अडखळली. माझा नवस पावला तर बहिणीची विहीर कोरडी.

पसायदान शाळेत रोज म्हटल्यामुळे ते शेवटी म्हणायचं गाणं वाटतं, आणि त्यात स्वतःसाठी काही मागायचं नसतं असाही समज असतो. तसं नाही. पसाय म्हणजे प्रसाद. मागणं त्यातही आहेच. शके 1212 मध्ये, म्हणजे सन 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी या नऊ ओव्या येतात. ज्यांच्या कृपेने ज्ञानेश्वरांनी ती सांगितली ते त्यांचे गुरू, थोरले बंधू निवृत्तिनाथ. त्यांची समाधी आपल्या त्र्यंबकेश्वरी आहे. पौष वद्य एकादशीला तिथे दिंड्या निघतात, तेव्हा आमच्या बागांत मणी भरत असतात.

त्यात 'जो जें वांछील तो तें लाहो' आहे. ज्याला जे हवं ते मिळो. मग निफाडला ऊन आणि येवल्याला पाऊस, दोन्ही कसं मिळणार? बरीच वर्षं मी इथेच अडले होते. मग ओव्यांचा क्रम ध्यानात आला. आधी खळांची व्यंकटी, म्हणजे दुष्टांच्या मनाचा वाकडेपणा, सुटू दे. मग 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें'. हे झाल्यावरच पुढच्या ओवीत ज्याला-त्याला हवं ते. एकमेकांशी जिवाचं मैत्र जडलेल्या माणसाची इच्छा आधीसारखी राहत नाही, शेजाऱ्याची तहान तिच्यात मिसळते.

म्हणून मी मागणं सोडलेलं नाही. बाग वाचू दे, हे आजही म्हणते, मोठ्याने म्हणते. फक्त त्याआधी धाकटीला फोन लावते आणि विचारते, विहिरीत किती परस पाणी आहे गं? परस म्हणजे माणसाची उंची. गेल्या ऑक्टोबरात ती म्हणाली, दीड. त्या रात्री दिव्यापुढे बसले, पण 'थेंबही नको' तोंडातून निघालं नाही. दोन्ही शेतांची नावं घेतली आणि तशीच बसून राहिले.