सांगोल्याची जागा: गणपतराव देशमुख यांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले आणि प्रत्येक वेळी ते शेतकरी कामगार पक्षाचेच (शेकाप) उमेदवार होते. ३० जुलै २०२१ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले, तेव्हा हा देशातील विक्रम असल्याचे बऱ्याच ठिकाणी छापून आले. वास्तविक केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले होते. मात्र सुमारे ५१ वर्षांची ही आमदारकी महाराष्ट्रापुरती अपूर्वच आहे, आणि पक्ष राज्यभर आक्रसत असताना ती टिकली, हे अधिक विचारात घेण्याजोगे आहे.

शेकापचा जन्म काँग्रेसमधूनच झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे प्रभृतींनी स्वातंत्र्याच्या सुमारास बहुजन शेतकऱ्यांचा वेगळा पक्ष उभा केला आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने, म्हणजे पक्षाच्या धोरणपत्राने, त्याला मार्क्सवादी बैठक दिली. पुढे जेधे आणि मोरे दोघेही काँग्रेसमध्ये परतले, तरी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने पक्षाला पुन्हा बळ मिळाले. १९६२ मध्ये देशमुख प्रथम निवडून आले, तेव्हा राज्यातील २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसकडे होत्या. शेकापला १५ जागा मिळाल्या आणि त्या पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले.

सांगोला हा पर्जन्यछायेतील, माणदेशाचा तालुका. माण नदी तालुक्यातून वाहते, हे विधान वर्षातील बहुतेक महिने नकाशापुरतेच खरे असते. पश्चिम महाराष्ट्राच्या ज्या पट्ट्यात पाटपाणी आणि ऊस आला, तिथे साखर कारखान्याबरोबर काँग्रेसचे राजकारणही रुजले. जिरायती सांगोल्यात त्या राजकारणाला तेवढी घट्ट मुळे धरता आली नाहीत. इथल्या मतदाराचे प्रश्न उसाच्या दराचे कमी आणि दुष्काळी कामांचे, टँकरचे, चारा छावण्यांचे अधिक होते, आणि ‘आबासाहेब’ म्हणून ओळखले जाणारे देशमुख त्याच प्रश्नांवर सभागृहात बोलत राहिले. १९७२ च्या दुष्काळातून वाढलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या स्वरूपात आली, तिचा अर्थ अशा तालुक्यांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही. १९९० पासून या योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबाच्या बागा पसरल्या. सहकाराचा मार्ग देशमुखांनीही वापरला, पण त्यांनी उभी केलेली मोठी संस्था सूतगिरणीची होती.

त्यांचा सर्वात दीर्घ लढा मात्र कृष्णेच्या पाण्याचा होता. कृष्णेच्या पाण्याचे राज्यांमधील वाटप ठरवणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होऊ शकणार होता. पाणी अडवले नाही तर हक्कही जाईल, ही भीती त्यामुळे दुष्काळी तालुक्यांत पसरली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. त्यांत देशमुख अग्रभागी होते. कऱ्हाड तालुक्यातून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आटपाडी, सांगोल्याकडे नेणारी टेंभू योजना या दबावाशिवाय इतकी पुढे सरकली असती, असे वाटत नाही.

सत्ता त्यांच्या वाट्याला थोडीच आली. १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात ते मंत्री झाले. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये बरखास्त झाले. १९९९ मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांना पुन्हा स्थान मिळाले, पण रायगडमधील राष्ट्रवादीशी झालेल्या संघर्षातून २००२ मध्ये शेकापने सरकारचा पाठिंबा काढून घेतला. मंत्री असोत वा नसोत, एसटीने प्रवास करणारा आमदार ही त्यांची ओळख कायम राहिली. ती सांगताना अनेक लेखांत पाणी परिषदांचा उल्लेखच राहून जातो, हे खटकते.

त्यांचे पराभव दोनच. १९७२ मध्ये गेलेली जागा त्यांनी १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत घेतली. १९९५ मध्ये काँग्रेसचे शहाजीबापू पाटील त्यांच्याविरुद्ध अवघ्या १९२ मतांनी विजयी झाले. १९९९ पासून २०१४ पर्यंतच्या चारही निवडणुका पुन्हा देशमुखांनी जिंकल्या. २०१९ मध्ये वयामुळे त्यांनी उमेदवारी घेतली नाही. नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि तोवर शिवसेनेत गेलेल्या त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव केला, आणि त्या निवडणुकीत संपूर्ण महाराष्ट्रातून शेकापचा निवडून आलेला आमदार तेवढा एकच होता.