स्पेलिंगच्या चिठ्ठ्या आणि पोरांनी लावलेले ढीग, हे आलं कुठून?

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि मराठी शाळेतल्या पोरांच्या घरीही डब्ल्यू-एच-ए-टी व्हॉटचा जप सुरू झाला, दहा वेळा लिही, उद्या टेस्ट आहे. त्यामुळे एखाद्या बाई शब्दांच्या चिठ्ठ्या जमिनीवर पसरून "सारखे वाटतात ते एकत्र ठेवा" म्हणाल्या की पालकांना वाटतं हा काय नवीन टाइमपास. नवीन नाहीये, अमेरिकेत हे पन्नासेक वर्षं चालू आहे.

त्याच्या आधी तिकडेही घोकंपट्टीच होती. डिक्शनरीवाल्या नोआ वेबस्टरचं १७८३ चं स्पेलिंगचं पुस्तक, निळ्या कव्हरचं, पिढ्यानपिढ्या चाललं. आता गंमत बघा, त्यातही सारखे दिसणारे शब्द एकाखाली एक लावलेलेच होते, म्हणजे पॅटर्न होता, पण तो वेबस्टरनी लावून ठेवलेला, पोरांनी नुसतं पाढ्यांसारखं मोठ्यानं म्हणायचं.

पुढे १९६६ मध्ये स्टॅनफर्डच्या पॉल हॅना वगैरे मंडळींनी सतरा हजारांवर शब्द कॉम्प्युटरला घातले, आवाजावरून स्पेलिंग काढायचे नियम दिले, आणि निम्मे शब्द बरोबर आले. काहींनी म्हटलं बघा, निम्मे चुकले! पण चुकलेल्यांतही बऱ्याच शब्दांत एखादाच आवाज चुकला होता, म्हणजे इंग्रजी आपण म्हणतो तितकी वेडी भाषा नाही.

खरी कलाटणी १९७१ ची. चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञानं अजून शाळेत न गेलेली छोटी पोरं मनानं कशी स्पेलिंगं करतात ते तपासलं. ट्रक लिहिताना ती शब्दाच्या सुरुवातीला टी-आर नाही, सी-एच-आर लिहायची. आपण म्हणणार चूक. पण इंग्रज लोक ट्र म्हणतात ते नीट ऐका, खरंच च्रच्या जवळ जातं, पोरांचे कान आपल्यापेक्षा तिखट! म्हणजे चुकीमागे हिशोब असतो, आणि तो पोराचा स्वतःचा असतो.

हे धरून व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत एडमंड हेंडरसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी स्पेलिंग शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, आधी आवाज, मग पॅटर्न, मग अर्थ, आणि पोर ज्या पायरीवर आहे त्या पायरीचे शब्द त्याच्या हातात द्यायचे. त्यांच्यातल्याच चौघांचं 'वर्ड्स देअर वे' १९९६ ला आलं आणि ही पद्धत शाळाशाळांत गेली.

प्रत्यक्षात कसं, तर रेन, मेल, ट्रेल, डे, प्ले, स्टे अशा चिठ्ठ्या. पोरगं लावता लावता बघतं की आवाज एकच, पण ए-आय मधे येतो आणि ए-वाय शेवटी. मग 'सेड' येतो, एस-ए-आय-डी. डोळ्यांनी बघून ते ए-आयच्या ढिगात टाकतं, मोठ्यानं वाचतं आणि थबकतं, चिठ्ठी परत उचलतं. अशा शब्दांसाठी बाजूला वेगळा ढीग असतोच, ऑडबॉलचा, म्हणजे पॅटर्नमधे न बसणाऱ्यांचा. मला विचाराल तर सगळं शिकणं त्या थबकण्यात आहे. म्हणून ढिगांची हेडिंग आधीच छापलेली, कापा-चिकटवा वर्कशीटं बघितली की चिडचिड होते, ते वेबस्टरचंच पुस्तक झालं की, फक्त कात्री लावलेलं.

आणि हे मराठीत का करत नाही कोणी? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ पासून आहेत, आपण ते पाठ करून घेतो. त्यापेक्षा फूल-फुलं, जीभ-जिभा, दूध-दुधाचा अशा चिठ्ठ्या द्या, मूळ शब्दाच्या शेवटच्या अक्षराला काना किंवा अनुस्वार लागला की आधीचा ई-ऊ ऱ्हस्व होतो हे तिसरीतलं पोर स्वतः काढेल. मग 'पूजा' आणि 'क्रीडा' टाका मधे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, ते ऐकत नाहीत, त्यांचा ढीग वेगळा. मांडवाच्या बॅनरवर 'महापुजा' लिहिणाऱ्या पेंटरला आपण हसतो ना, त्यानं ती चिठ्ठी फुलं-दुधाच्या ढिगात ठेवलीये, एवढंच.