ट्रम्पेट : घडण, धातू आणि आवाज

ट्रम्पेट हे ओठांच्या थरथरीवर वाजणारं पितळी फुंकवाद्य. सांगली, मिरज, तासगाव, कराड, फलटण, कुठल्याही गावातली वरात डोळ्यापुढे आणा, क्लॅरिनेटच्या वर जो टोकदार आवाज चौक ओलांडून पलीकडच्या गल्लीत पोचतो तो ट्रम्पेटचा. याचं नातं जोडायचं तर तुतारीशी, सनईशी नाही. सनईत पत्ती थरथरते, तुतारीत आणि ट्रम्पेटमध्ये माणसाचे ओठच पत्तीचं काम करतात. तुतारीला पिस्टन (बोटांनी दाबायच्या कळा) नसतात म्हणून तिच्यातून मोजकेच सूर निघतात, ट्रम्पेटला तीन पिस्टन असतात म्हणून त्याच्यावर अख्खं गाणं वाजतं.

वाद्य विकत घेताना आपल्याकडे पहिला प्रश्न धातूचा असतो, पितळ जाड आहे का, चांदीचं पाणी दिलंय का, चकाकी किती टिकेल. प्रश्न चुकीचा नाही, पण क्रम उलटा आहे. आवाज आधी ठरतो तो आतल्या पोकळीच्या आकारावर, धातूचा नंबर त्याच्या बराच नंतर लागतो.

आतली हवा

ट्रम्पेटमध्ये वाजते ती हवा, पितळ फक्त त्या हवेला आकार देतं. बँडमध्ये सर्रास दिसणाऱ्या बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी साधारण १४८ सेंटीमीटर लांब असते, सरळ करून उभी केली तर मोठ्या माणसाच्या हनुवटीला लागेल. ती गुंडाळलेली असते कारण तशी हातात धरायला सोपी जाते, वळणांमुळे आवाजात फार फरक पडत नाही. पिस्टन न दाबता या वाद्याचा सा पेटीच्या काळी पाचला येतो. क्लॅरिनेटही बहुतेक बी फ्लॅटच असतं म्हणून ही दोन वाद्यं एकाच पट्टीच्या हिशोबाने एकत्र वाजवता येतात, आणि गायकाची पट्टी वेगळी असली की बँडमास्तरला सगळं गाणं सरकवून बसवावं लागतं. सी ट्रम्पेट आखूड असतं, पांढरी एकचं, पण ते इकडे क्वचितच बघायला मिळतं.

एकही पिस्टन न दाबता फक्त ओठ आवळत गेलं की सा, प, वरचा सा, ग, प, मग किंचित उतरलेला कोमल नी, आणि पुन्हा सा अशी शिडी मिळते. मधला तो कोमल नी बेसूर लागतो म्हणून कोणी वापरत नाही, त्याच्यासाठी पिस्टनचा दुसरा रस्ता घेतात. तुतारीचे सूर याच शिडीवरच्या पायऱ्या आहेत.

आता खरी गंमत अशी आहे की सगळीकडे सारखी जाड नळी घेऊन एक टोक ओठांनी बंद केलं तर ही शिडी मिळतच नाही, मूळ सुराच्या १, ३, ५, ७ अशा विषम पटीतलेच सूर मिळतात. ट्रम्पेटमध्ये पुढचा भोंगा खालच्या सुरांना वर उचलतो आणि माउथपीस (ओठ लावायचा भाग) वरच्या सुरांना खाली ओढतो, दोन्हीकडून असं ओढून-ताणून शिडीच्या पायऱ्या जागेवर बसतात. कारागिराचं सगळं कसब इथे लागतं. एखाद्या ठिकाणी व्यास थोडा इकडेतिकडे झाला तर कुठलातरी एकच सूर उतरतो किंवा चढतो, आणि वाजवणाऱ्याला आयुष्यभर तो सूर ओठाने सावरत बसावं लागतं.

माउथपीस

पैसे कमी असतील आणि एकाच गोष्टीवर खर्च करायचा असेल तर तो माउथपीसवर करावा. कडा, वाटी, वाटीच्या तळाचं भोक आणि त्यापुढे रुंद होत जाणारी नळी, एवढेच त्याचे भाग, पण यातला एकही बदलला की वाद्य बदलल्यासारखं वाटतं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढून बघितलेल्यांना हे लगेच कळेल. घोडीचा माथा कानसने जरासा घासला की तोच तानपुरा बंद किंवा खुला बोलायला लागतो, भोपळा तोच, लाकूड तेच. ट्रम्पेटमध्ये तेवढंच नाजूक काम माउथपीसमध्ये असतं.

वाटी उथळ असेल तर आवाज चमकदार आणि धारदार होतो आणि वरचे सूर टिकवायला सोपे जातात, खोल असेल तर आवाज गोल, भरीव आणि जरा काळसर येतो. कडेचा आतला व्यास मोठा असेल तर ओठांना मोकळीक मिळते आणि आवाज मोठा होतो, पण ओठ लवकर थकतात, आणि चार तासांची मिरवणूक असली की हा थकवा कुठल्याही सुंदर आवाजापेक्षा महत्त्वाचा ठरतो. कडा रुंद आणि सपाट असली तर दाब पसरतो, खूप वेळ वाजवता येतं. अरुंद आणि धारेची असली तर सूर पटकन पकडता येतो, एकातून दुसऱ्यात झटकन उडी मारता येते, पण ओठाला काचते.

नव्या वाद्याबरोबर बऱ्याचदा ७सी नावाचा माउथपीस येतो. बाख कंपनीच्या पद्धतीत आकडा लहान तेवढी वाटी रुंद, आणि अक्षर ए कडे जाईल तेवढी खोल, ई-एफ कडे जाईल तेवढी उथळ. ७सीचा आतला व्यास १६.२ मिलिमीटरच्या आसपास, १½सीचा १७ च्या आसपास. वाचताना एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही असं वाटतं, ओठाला मात्र पहिल्याच फुंकेत कळतं. तळाचं भोक साधारण ३.७ मिलिमीटरचं असतं, ते घरी ड्रिलने मोठं करायचा मोह कोणी करू नये, एकदा वाढवलेलं भोक परत लहान होत नाही.

नळी आणि भोंगा

माउथपीसनंतरचा वीस-पंचवीस सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे लीडपाइप. तो ९ मिलिमीटरच्या आसपास सुरू होऊन हळूहळू रुंदावत मुख्य नळीच्या मापाला येतो, आणि ते माप, म्हणजे बोअर, बहुतेक ट्रम्पेटमध्ये ११.६६ मिलिमीटरच्या जवळपास असतं. लहान बोअरचं वाद्य कमी हवेत बोलतं आणि आवाज बारीक, टोकाचा. मोठ्या बोअरला हवा जास्त लागते, दमसास चांगला असेल तरच त्याचा फायदा. नवशिक्याला मोठ्या बोअरचं वाद्य देऊन "जोर लाव" म्हणत राहिलं की तो पोरगा गाल फुगवायला शिकतो, वाजवायला नाही.

भोंगा साधारण १२३ मिलिमीटर रुंद असतो. लोकांना वाटतं भोंगा आवाज बाहेर फेकण्यासाठी आहे. ते अर्धंच खरं. खालच्या सुरांची बरीचशी लहर भोंग्यापाशी येऊन परत मागे ओठांकडे फिरते, आणि त्या परतलेल्या लहरीच्या आधारावरच ओठ तालात थरथरत राहतात. अगदी वरच्या सुरांना भोंगा अडवतच नाही, ते थेट निघून जातात, परत काही येत नाही, म्हणून वरच्या सप्तकात सूर घसरतात आणि सगळा भार ओठावर येतो. भोंगा कडेला एकदम उघडणारा असेल तर आवाज सरळ पुढे जातो, सावकाश उघडत जाणारा असेल तर मऊ, पसरट येतो. फ्लूगलहॉर्न तेवढ्याच लांबीचं आणि त्याच पट्टीचं वाद्य, पण त्याची नळी बहुतेक सगळी शंकूसारखी रुंदावत जाते म्हणून आवाज लोण्यासारखा. ट्रम्पेटच्या नळीचा बराच भाग एकसारख्या जाडीचा असतो. अशा सरळ नळीतून जोरात वाजवलं की दाबाची लहर पुढे जाता जाता ताठ होत जाते आणि तिला धार येते, ट्रॉम्बोनमध्ये तर ती धक्कालहरीपर्यंत जाते हे १९९६ मध्ये मोजून दाखवलं गेलं. वरातीतला तो झणझणीत, कानाला लागणारा आवाज इथून येतो, पितळाच्या खणखणाटातून नाही.

पिस्टन

पूर्वीच्या ट्रम्पेटला फक्त शिडीचे सूर होते. १७९६ मध्ये ऑस्ट्रियन संगीतकार हायडनने आपला ट्रम्पेट कॉन्चेर्तो (ट्रम्पेट आणि वाद्यवृंदासाठीची रचना) लिहिला तो वादक अँटन वायडिंगरच्या चाव्या लावलेल्या ट्रम्पेटसाठी, पिस्टन तेव्हा नव्हतेच. १८१८ मध्ये जर्मनीत श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांनी वॉल्व्हचं, म्हणजे दाबून हवेचा रस्ता बदलणाऱ्या झडपेचं पेटंट घेतलं, पुढे पॅरिसमध्ये पेरिनेने पिस्टन सुधारला आणि आजचा पिस्टन त्याच घराण्यातला.

पिस्टन दाबला की हवा जादा नळीतून फिरून येते. मधला अर्धा सूर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. अडचण आहे ती बेरजेत. प्रत्येक सूर उतरवायला नळी ठराविक प्रमाणात वाढवावी लागते, आणि एक पिस्टन दाबल्यावर नळी आधीच लांब झालेली असते, म्हणून दुसऱ्याची वाढ आता कमी पडते. तिन्ही दाबले तर हिशोबाने नळी सहा सेंटीमीटरच्या आसपास आखूड राहते आणि सूर चांगलाच चढतो. म्हणूनच तिसऱ्या पिस्टनच्या सरकत्या नळीला, म्हणजे स्लाइडला, कडी असते, पहिला-तिसरा किंवा तिन्ही दाबताना ती बोटाने बाहेर सरकवायची. कित्येक जुन्या वाद्यांची ही स्लाइड जाम होऊन बसलेली असते, वाजवणाऱ्याला ती हलते हेच माहीत नसतं, आणि मग खालचा रे चढाच लागतो.

जुनं वाद्य घेताना मधली छोटी स्लाइड पिस्टन न दाबता ओढून बघावी. 'पॉक' असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे, काहीच आलं नाही तर हवा गळतेय. पिस्टन आणि त्याच्या डब्यातली फट केसापेक्षा बारीक असते, वरातीतली धूळ आणि गुलाल तिथे गेला की पिस्टन झिजतो, आणि झिजलेल्या पिस्टनचं वाद्य कितीही चकाकलं तरी सूर धरत नाही. मोनेल म्हणजे निकेल-तांब्याचे पिस्टन गंजाला चांगले तोंड देतात, निकेलचा मुलामा दिलेले कडक असतात, पण दोघांनाही तेल रोज लागतं.

मींड काढायची तर पिस्टन अर्धा दाबून ओठ ढिला करत जायचं. ज्या वाद्यात सूर खाचेत बसल्यासारखा पक्का बसतो त्यात हे जड जातं, जरा सैल वाद्यात सोपं. लावणी आणि भावगीत वाजवणाऱ्यांनी वाद्य निवडताना हे जरूर करून बघावं.

धातू

पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. गोल्ड ब्रासमध्ये तांबं ८५ च्या आसपास, रेड ब्रासमध्ये ९० च्या आसपास. तांबं वाढेल तसा आवाज गोड होतो असं वाजवणारे सांगतात. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण, घासून झिजणाऱ्या भागांसाठी चांगलं.

पण मोजमाप काय सांगतं? १९८० च्या दशकात इंग्लंडच्या रिचर्ड स्मिथने एकाच आकाराचे पण वेगवेगळ्या जाडीचे ट्रॉम्बोनचे भोंगे चांगल्या वादकांना न बघता वाजवायला दिले, तर त्यांना फरक ओळखता आला नाही. ट्रम्पेटचा भोंगा वाळूत दाबून त्याची थरथर बंद करायचेही प्रयोग झाले, त्यात आवाजात फरक मोजता येतो पण तो लहान असतो. म्हणजे धातूचा परिणाम शून्य नाही, पण वाटीच्या खोलीपुढे तो फारच किरकोळ आहे. भोंगा हाताने ठोकून एकाच पत्र्याचा केलाय की दोन तुकडे जोडलेत, यापेक्षा त्याचा आकार बरोबर उतरला का हे जास्त मोलाचं. वाजवणाऱ्याला मात्र हातात आणि ओठावर जी थरथर जाणवते ती खरी असते, हलकं वाद्य लवकर प्रतिसाद दिल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटलं की माणूस वाजवतोही तसाच. चांदीचा मुलामा किंवा लॅकर (पारदर्शक लेप) आवाजासाठी नाही, टिकण्यासाठी निवडावा.

ऊन, थंडी आणि निगा

हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि सूर चढतो. २० अंशांवरून ३५ वर गेलं तर हिशोबाने जवळपास पाव सूर चढायला हवा. फुंकेने नळी आतून गरम असतेच म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. पण पौषातल्या पहाटे साताऱ्यात जुळवलेलं वाद्य वैशाखात दुपारी सांगलीच्या उन्हात कीबोर्डशी जुळणार नाही, सूर जुळवायची मोठी स्लाइड ओढावीच लागते.

सगळ्यात आधी खराब होतो तो लीडपाइप, आणि तो आतून. लाळ आणि तोंडातल्या खाण्याचे कण साचून पितळातलं जस्त निघून जातं, बाहेरून गुलाबी ठिपके दिसायला लागतात तेव्हा भिंत आतून पोकरलेली असते. आतला थर साचला की नळीचा आकारही बदलतो, म्हणजे सूरही. चहा-वडापाव झाल्यावर चूळ भरून मगच वाद्य तोंडाला लावावं, आणि महिन्यातून एकदा पिस्टन काढून ठेवून कोमट पाण्याने आणि लांब ब्रशने नळी धुवावी. चिंच, लिंबू किंवा राख लॅकरवर लावू नये, देवाच्या तांब्याला चालतं ते याला चालत नाही. भोंग्याला पोचा पडला तर तो वाईट दिसतो एवढंच, पण लीडपाइपला पडला तर लगेच काढून घ्यावा.